‘किडनी आणि दाह’ तपासणी पॅकेज : ठाण्यातील एका प्रयोगशाळेच्या सेवेचे परीक्षण

मूत्रपिंडाची तपासणी म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅकेजमध्ये लघवीचा नमुनाच मागितला जात नसेल, तर त्यात इतर कितीही तपासण्या असोत, ते पॅकेज अपुरे आहे, हे माझे मत आधी नोंदवते. ठाण्यातील एका मोठ्या प्रयोगशाळेच्या नौपाड्यातील केंद्रातून आम्ही माझ्या धाकट्या बहिणीसाठी असे पॅकेज घेतले होते. त्यात क्रिएटिनिन, युरिया, युरिक अ‍ॅसिड, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस या नेहमीच्या तपासण्यांच्या जोडीला सीआरपी आणि इंटरल्यूकिन-६, म्हणजेच आयएल-६, या दोन ‘दाहदर्शक’ तपासण्या होत्या, आणि पॅकेजच्या किमतीचा मोठा वाटा या शेवटच्या एकाच तपासणीचा होता. प्रयोगशाळेचे नाव देत नाही, कारण माझा आक्षेप तिथल्या माणसांवर नसून पॅकेजच्या रचनेवर आणि अहवालातील एका विधानावर आहे.

रक्त घेण्याच्या सेवेबद्दल तक्रारीला जागा नाही. बहीण कळव्याला राहते. ठरलेल्या वेळी सकाळी तरुण घरी आला, त्याने पूर्ण नाव आणि वय विचारून खात्री करून घेतली, नळ्यांवर बारकोड तिच्या डोळ्यांसमोर चिकटवले, सुई पहिल्याच प्रयत्नात शिरेत गेली आणि नळ्या बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या पेटीत बंद झाल्या. ही शेवटची गोष्ट आयएल-६ साठी विशेष महत्त्वाची आहे. नळीतील रक्त वेळेत फिरवून पेशी आणि द्रव वेगळे केले नाहीत, तर नळीतल्या पांढऱ्या पेशी स्वतःच दाहाचा हा संदेशवाहक रेणू सोडत राहतात आणि आकडा बदलू शकतो. त्या तरुणाला पुढे खारेगाव आणि विटाव्यातली घरे करायची होती. अहवालावर रक्त घेतल्याची वेळ होती, अहवाल दिल्याची वेळ होती, परंतु नमुना वेगळा केल्याची वेळ नव्हती. इतक्या नाजूक तपासणीच्या अहवालात ती छापायला हवी.

अहवाल दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर आला. क्रिएटिनिन व्यवस्थित मर्यादेत होते. सीआरपी किंचित वाढलेले होते. आयएल-६ दर मिलिलिटरमागे ९.४ पिकोग्रॅम, छापलेली मर्यादा ७ पर्यंत, आणि शेजारी लाल बाण. त्या बाणाखाली ठळक अक्षरांत लिहिले होते की दाहामुळे मूत्रपिंडाच्या पेशी नष्ट होत असण्याची शक्यता आहे. संध्याकाळी फोनही आला. ‘मॅडम, तुमच्या किडनीमध्ये इन्फ्लमेशन दिसतंय, आमच्या आहारतज्ज्ञांशी एकदा बोलून घ्या,’ असे पलीकडच्या मुलीने अतिशय नम्रपणे सांगितले. बहिणीने त्या रात्री मला फोन करून पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘ताई, माझ्या किडन्या जातायत का गं?’

कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असल्याने ते ठळक विधान मला दोन कारणांनी खटकले. एक तर, रक्तातला आयएल-६ मूत्रपिंडाविषयी असे काही सांगू शकत नाही. आणि दुसरे, दाहाचे संदेशवाहक रेणू मूत्रपिंडाच्या पेशींना फक्त मारतात हा समजच अर्धवट आहे. कित्येक आजारांत पेशी मरण्याऐवजी नको तिथे वाढतात, आणि इजा त्या वाढीतून होते. हा फरक रुग्णासमोर नीट मांडला गेला पाहिजे, म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग मी त्यालाच देत आहे.

आधी रक्तातल्या आकड्याविषयी. आयएल-६ पांढऱ्या पेशी तयार करतात, रक्तवाहिन्यांचे अस्तर करते, पोटावरची चरबी करते आणि जोरकस व्यायामात आकुंचन पावणारे स्नायूही करतात. उपवनच्या तलावाभोवती भरभर चालून आलेल्या निरोगी माणसातही तो थोडा वाढलेला सापडू शकतो. हिरड्या सुजल्या, घसा बसला, साधा ताप येऊन गेला, तरी तो चढतो. वागळे इस्टेटवर धूर दिसला म्हणून तो कोणत्या कारखान्यातून निघाला हे दुरून सांगता येत नाही, तशीच या आकड्याची गत आहे. शिवाय सीआरपी हे प्रथिन यकृत जे तयार करते, ते मुख्यतः आयएल-६ च्याच सांगण्यावरून. म्हणजे एकाच साखळीच्या दोन कड्या मोजून त्यांचे दोनदा पैसे घेतले गेले. बहिणीला आदल्या आठवड्यात घशाचा संसर्ग झाला होता. दोन्ही आकडे वाढण्यास तेवढे कारण पुरेसे होते. अहवालासाठी माहिती घेताना हा एक प्रश्न कोणी विचारला असता, तर तो लाल बाण इतका भयंकर वाटला नसता.

आता मूत्रपिंडाच्या आत काय घडते ते पाहू. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात आणि प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. रक्त गाळले जाते ते इथे. या वाहिन्यांना आतून आधार देणाऱ्या पेशी म्हणजे मेसँजियल पेशी. निरोगी अवस्थेत त्या क्वचितच विभागतात. दाहाचे संदेश पोचले की मात्र त्यांचे वागणे बदलते : त्या संख्येने वाढतात, आकाराने फुगतात आणि आपल्याभोवती कोलॅजन व फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनांचा थर साठवू लागतात. वाहिन्यांमधली जागा मर्यादित असल्याने ही वाढ गाळण्याच्या पृष्ठभागावर अतिक्रमण करते. त्याच गुच्छाच्या बाहेरच्या बाजूला पोडोसाइट नावाच्या पेशी असतात आणि त्यांची अडचण अगदी उलट आहे. त्या प्रौढ वयात जवळजवळ विभागतच नाहीत. दाहाच्या रेट्याने त्यांना विभागायला भाग पाडले, तर विभाजन तडीस जात नाही आणि त्या गळून पडतात. लघवीतून प्रथिने जाऊ लागण्याचे हे एक मोठे कारण आहे. एकच संदेश, दोन शेजारी पेशी, आणि दोन वेगवेगळे परिणाम. ‘पेशी नष्ट होतात’ या तीन ओळींच्या ठळक मजकुरात यातले काहीच येत नाही.

आयएल-६ आणि मेसँजियल पेशी यांच्या नात्याचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. ओसाकातील तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने १९८६ मध्ये या रेणूचे जनुक वेगळे केले. पाठोपाठ १९८९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की मेसँजियल पेशी स्वतःच आयएल-६ तयार करतात आणि त्याच्याच प्रभावाखाली वाढतात. त्याच वर्षी, आयएल-६ सतत तयार करण्याची जनुकीय व्यवस्था केलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडांतही मेसँजियल पेशींची वाढ आढळली. प्रकरण मिटले असे तेव्हा वाटले असणार. पण १९९७ मध्ये, आयएल-६ चे जनुकच नसलेल्या उंदरांतही मेसँजियल पेशी तशाच वाढू शकतात असे प्रयोगांतून पुढे आले. वाढीचा हुकूम देणारा आयएल-६ हा एकटा नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. मेसँजियल पेशींना विभागायला लावणारा सर्वांत जोरदार रेणू पीडीजीएफ हा आहे. त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे दिल्यावर उंदरांच्या मोठ्या जातभाईंत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रॅटमध्ये, ही वाढ कमी होते हे १९९२ मध्येच सिद्ध झाले होते. व्रण आणि थर साठवण्यामागे मुख्य हात टीजीएफ-बीटाचा असतो, आणि तो बहुधा पेशींची संख्या वाढवण्याऐवजी त्यांना फुगवतो. मधुमेहात मूत्रपिंडाचे गुच्छ मोठे होतात त्यामागे हेच आहे. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ हे या सगळ्यांना चेतवणारे. हे रेणू एकमेकांना बोलावतात, एकमेकांना रोखतात, आणि बरेचदा मिलिमीटरच्या अंशाइतक्या अंतरात आपले काम संपवतात. त्यातला थोडाच भाग दंडातल्या रक्तापर्यंत येतो.

एक गोष्ट इथे जोडायला हवी, कारण ‘दाह म्हणजे शत्रू’ हा सूर पॅकेजच्या माहितीपत्रकात पानोपानी आहे. पावसाळ्यात ठाणे आणि नवी मुंबईच्या साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर लेप्टोस्पायरोसिस होऊन ज्यांची मूत्रपिंडे अचानक बंद पडतात, त्यांची वेळीच उपचार मिळाल्यास बहुधा पूर्ववत होतात. ती होतात कारण मूत्रनलिकांच्या आतल्या पेशी वाढू शकतात. मेलेल्या पेशींच्या जागी शेजारच्या उरलेल्या पेशी काही काळ आपले विशेष काम सोडून विभागतात आणि नलिकेचे अस्तर पुन्हा भरून काढतात. या दुरुस्तीत दाहासाठी जमलेल्या पेशींचेच साहाय्य असते. इंटरल्यूकिन-२२ हा त्यांच्याकडून येणारा असाच एक दुरुस्तीचा संदेश. मात्र इजा फार तीव्र असेल किंवा वारंवार होत असेल, तर काही नलिका-पेशी विभाजनाच्या ऐन उंबरठ्यावर अडकून राहतात आणि त्या अवस्थेत टीजीएफ-बीटासारखे व्रणकारक रेणू सोडत बसतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने अचानक झालेल्या इजेतून पुढे कायमचा आजार का उरतो याचे एक चांगले स्पष्टीकरण मिळाले. तेव्हा दाह पूर्ण ‘शून्य’ करण्याचे जे आश्वासन आहारतज्ज्ञांच्या फोनमागे होते, ते शरीरशास्त्राला धरून नाही.

पॅकेजमध्ये जे नव्हते, ते ठाण्यातल्याच मूत्रपिंडविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी पहिल्या भेटीत मागितले. घसा बसलेला असतानाच लघवी चहासारखी लाल झाली होती का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि बहिणीने हो म्हटले. मग लघवीची साधी तपासणी, सूक्ष्मदर्शकाखाली तिचा साका (तळाशी बसणारा गाळ), आणि अल्ब्युमिन या प्रथिनाचे क्रिएटिनिनशी असलेले, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. या तिन्हींचा खर्च मिळून त्या एका आयएल-६ तपासणीपेक्षा कमी आला. गुणोत्तर प्रति ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असावे, ३० ते ३०० ही मध्यम वाढ आणि त्यापुढची तीव्र, असे त्याचे सरळ वाचन आहे. बहिणीचे ३०० च्या पुष्कळ वर होते, साक्यात लाल पेशी आणि त्यांचे साचे (मूत्रनलिकेत घट्ट होऊन तिचा आकार घेतलेले तुकडे) होते, आणि क्रिएटिनिन अजूनही अगदी चांगले होते. प्रयोगशाळेच्या अहवालात रक्ताचे जे पान हिरव्या खुणांनी भरले होते, ते हे चित्र दाखवूच शकत नव्हते. क्रिएटिनिन वर चढायला लागते तोवर बरीच गाळणक्षमता गेलेली असते.

पुढे बायोप्सी झाली. तिचा अहवाल हे या सबंध प्रवासातले सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेले कागद, म्हणून त्याचाही उल्लेख सेवेच्या परीक्षणात करणे मला न्याय्य वाटते. निदान होते आयजीए नेफ्रोपॅथी, जिचे वर्णन पॅरिसमध्ये ज्यां बेर्झे आणि निकोल हिंग्ले यांनी १९६८ मध्ये केले. यात रचनेत दोष असलेल्या आयजीए प्रतिपिंडांचे पुंजके मेसँजियल पेशींपाशी अडकतात, आणि त्या पेशी चेतवल्या जाऊन वर सांगितलेले सगळे रेणू सोडू लागतात. अहवालात १४ गुच्छ तपासल्याची नोंद होती आणि खाली एम-१, ई-०, एस-०, टी-०, सी-० असे गुण होते. २००९ च्या ऑक्सफर्ड वर्गीकरणातली ही पद्धत आहे. शेवटचा ‘सी’ नंतर जोडला गेला. यातला एम-१ म्हणजे तपासलेल्या गुच्छांपैकी निम्म्याहून अधिक गुच्छांत मेसँजियल पेशींची संख्या वाढलेली आहे. एका मेसँजियल भागात चार किंवा अधिक पेशी दिसल्या की ती वाढ धरतात. एस-० म्हणजे गुच्छांत व्रण पडलेला नाही, आणि टी-० म्हणजे नलिकांच्या भागातला व्रण असलाच तर पाव भागापुढे गेलेला नाही.

विकृतिशास्त्राच्या डॉक्टरांनी मी विचारल्यावर काच सूक्ष्मदर्शकाखाली लावून दाखवली. पीएएस रंगात गुच्छाचा आराखडा गडद गुलाबी दिसतो आणि पेशींची केंद्रके निळसर. एका गुच्छात वाहिन्यांच्या बेचक्यात पाच केंद्रके खेटून बसलेली त्यांनी बोटाने दाखवली, शेजारच्या गुच्छात तेवढ्याच जागेत दोन होती. दाहाच्या संदेशांनी पेशींची वाढ होते ती नेमकी कशी, हे मी वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आले. त्या दिवशी ते माझ्या बहिणीच्या मूत्रपिंडात पाहिले. असा अहवाल समजावून द्यायला वेळ काढणाऱ्या त्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे, आणि अशी सोय प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना मिळायला हवी असे मला मनापासून वाटते.

उपचाराचाही या रेणूंशी थेट संबंध आहे. बहिणीला रक्तदाबाच्या औषधांच्या वर्गातले टेल्मिसार्टन सुरू झाले तेव्हा ‘माझा बीपी तर नॉर्मल आहे’ अशी तिची रास्त शंका होती. अँजिओटेन्सिन-२ हा हॉर्मोन गुच्छातला दाब वाढवतो हे खरेच, पण तो मेसँजियल पेशींना टीजीएफ-बीटा तयार करायलाही लावतो. टेल्मिसार्टनने त्याचे काम अडवले की लघवीतली प्रथिने कमी होतात आणि व्रणाचा वेगही मंदावतो. दाहाच्या रेणूंना किंवा त्यांच्या संदेशांना लक्ष्य करणारी औषधेही अभ्यासली जात आहेत. मधुमेही मूत्रपिंडविकारात, हे संदेश पेशीच्या आत अडवणाऱ्या बॅरिसिटिनिबने लघवीतले अल्ब्युमिन घटल्याचे २०१८ च्या एका चाचणीत दिसले, आणि मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णांत आयएल-६ ला बांधणाऱ्या झिल्टिवेकिमॅबने सीआरपी ठळकपणे उतरल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा चाचण्यांत आयएल-६ किंवा सीआरपी मोजण्याला अर्थ आहे. जंतुसंसर्ग रक्तात पसरलेल्या रुग्णाच्या उपचारातही आहे, आणि कोविडच्या काळात रुग्णालयांतून ही तपासणी किती झाली ते ठाणेकरांच्या लक्षात असेलच. घरी बसलेल्या, ताप नसलेल्या माणसाच्या मूत्रपिंडांची स्थिती ठरवायला मात्र तिचा उपयोग नाही.

प्रयोगशाळेच्या ग्राहकसेवेला मी हे सगळे लेखी कळवले. उत्तर सभ्य होते : लघवीची तपासणी वेगळे पैसे भरून जोडता येते आणि अहवालातले विधान ‘सर्वसाधारण माहिती’ आहे. पहिला भाग मान्य करता येईल. दुसरा नाही. रुग्णाच्या नावाने छापलेल्या पानावर, तिच्या आकड्याखाली, ठळक अक्षरांत लिहिलेले वाक्य कोणीही स्वतःविषयीचेच समजेल.

म्हणून सेवेला, म्हणजे वेळ पाळणे, स्वच्छता, वागणूक आणि अहवालाची तत्परता यांना मी पाचपैकी साडेचार देईन आणि पॅकेजच्या रचनेला दीड. ठाण्यात किंवा वाशी-नेरूळकडे कोणी मधुमेह, रक्तदाब, घरातला मूत्रपिंडविकाराचा इतिहास किंवा लाल लघवी यांपैकी कोणत्याही कारणाने तपासणी करणार असेल, तर काउंटरवर पॅकेजचे नाव न सांगता तीन गोष्टी मागाव्यात : क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज), लघवीची साधी तपासणी साक्यासह, आणि लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. लघवी शक्यतो सकाळची पहिली द्यावी. ताप असताना, मासिक पाळीच्या दिवसांत किंवा आदल्या दिवशी भारी व्यायाम झाला असल्यास देऊ नये. गुणोत्तर वाढलेले आले तर पुढच्या तीन ते सहा महिन्यांत ते पुन्हा करून पक्के करावे लागते, परंतु लाल लघवी असेल तर तेवढे थांबू नये, लगेच मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे जावे. डब्यावर नमुना घेतल्याची वेळ स्वतः लिहावी, आणि तो दोन तासांच्या आत केंद्रावर पोचवावा, कारण लाल पेशींचे साचे तशाच ठेवून दिलेल्या लघवीत लवकर विरघळतात आणि मग साक्यात काहीच दिसत नाही.